वृक्षांना वादी होतां येईल काय?

कांहीं निबंधांचें भाग्य असें असतें कीं, ते वाचणार्‍यांपेक्षां त्यांचा मथळा ऐकणार्‍यांची संख्या शतपट असते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील कायद्याचे अध्यापक क्रिस्टोफर स्टोन यांनीं १९७२ सालीं एका विधिविषयक नियतकालिकांत लिहिलेला दीर्घ निबंध हा त्यांपैकीं एक होय. 'वृक्षांना न्यायालयांत उभें राहण्याचा अधिकार असावा काय?' असा प्रश्न त्याच्या मथळ्यांतच विचारलेला आहे. प्रथम पुष्कळ वकिलांनीं त्याची थट्टा केली. परंतु पुढें इक्वेडोरनें २००८ सालीं आपल्या राज्यघटनेंत निसर्गाचे हक्क नमूद केले, न्यूझीलंडनें २०१७ सालीं एका नदीला कायद्यानें व्यक्ति ठरविलें आणि त्याच वर्षीं आपल्या उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें गंगा व यमुना यांना तोच मान दिला. प्रो. स्टोन २०२१ सालीं निवर्तले. त्यांचा प्रश्न मात्र आतां आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. तेव्हां त्या निबंधाचें आणि त्यांतून निघालेल्या या विचारसरणीचें शांतपणें परीक्षण करणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

असें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या सर्व विचाराच्या मुळाशीं एक अलंकार आहे. अचेतनावर चेतनेचा आरोप करणें यास आपण चेतनगुणोक्ति म्हणतों. कालिदासाच्या यक्षानें मेघाकरवीं निरोप धाडला. परंतु मेघाला निरोप सांगतां येत नाहीं याचें भान कवीस होतें, व विरहानें व्याकुळ झालेल्यास चेतन आणि अचेतन यांतील भेद कळत नाहीं, असा खुलासा त्यानें आरंभींच करून ठेवला आहे. काव्यांत असा खुलासा एकदां केला कीं पुरतो. कायद्यांत अलंकार शिरला म्हणजे त्याच्या मागून खर्च, दंड, तुरुंग आणि भरपाई हींही येतात. म्हणून तेथें तो अधिक कसोशीनें तपासला पाहिजे.

प्रथम निबंधाचा प्रसंग पाहूं. कॅलिफोर्नियांतील सेक्वोया अरण्यालगत मिनरल किंग नांवाचें एक डोंगराळ खोरें आहे. तेथें बर्फावरील खेळांसाठीं मोठें विहारस्थान बांधण्याची वॉल्ट डिस्ने कंपनीची योजना सरकारी वनखात्यानें १९६९ सालीं मान्य केली. तिच्याविरुद्ध सिएरा क्लब ही निसर्गरक्षक संस्था न्यायालयांत गेली. तेव्हां प्रश्न असा निघाला कीं, खोर्‍याचा नाश झाला तर या संस्थेचें काय बिघडतें? ज्याचें स्वतःचें नुकसान होत असेल त्यानेंच दाद मागावी, असा तिकडील कायद्याचा दंडक होता. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें असतांनाच स्टोन यांनीं निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्याचें नुकसान होणार तें खोरेंच वादी कां नसावें? १९७२ च्या एप्रिलमध्यें चार विरुद्ध तीन मतांनीं संस्थेची मागणी फेटाळली गेली. परंतु न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं आपल्या विरोधी निकालपत्रांत स्टोन यांच्या निबंधाचा आधार घेतला आणि एका रात्रींत त्याचें नांव झालें.

निबंधाची मांडणी खरोखर कुशल आहे. कायद्याचें वर्तुळ कालानुसार रुंदावत आलें आहे. गुलाम, स्त्रिया, मुलें यांना एके काळीं हक्क नव्हते, आणि ते द्यावेत असें जेव्हां कोणी प्रथम सुचविलें तेव्हां लोक हंसलेच, ही पहिली पायरी. ज्यांना प्राण नाहीं अशा कंपन्या, नगरपालिका व जहाजें यांनाही कायदा व्यक्ति मानतो, ही दुसरी. तेव्हां नदीलाही पालक नेमून द्यावा, ही तिसरी. हक्क मिळाला म्हणजे नक्की काय मिळालें याच्या तीन खुणा त्यांनीं सांगितल्या आहेत. त्या वस्तूच्या स्वतःच्या नांवें फिर्याद करतां आली पाहिजे. नुकसान मोजतांना खुद्द तिचें नुकसान मोजलें पाहिजे. आणि भरपाई तिच्याच हितासाठीं खर्च झाली पाहिजे. यांतील दुसरी व तिसरी खूण विशेष मार्मिक आहे. समजा, एका गिरणीनें नदींत घाण सोडली व खालच्या अंगाच्या शेतकर्‍यानें फिर्याद केली. शेतकर्‍याला पैसे मिळाले, तो घरीं गेला, आणि नदी होती तशीच घाण राहिली. आजच्या कायद्यांतील हें व्यंग स्टोन यांनीं अचूक हेरलें, हें त्यांचें मोठें श्रेय होय.

एवढें श्रेय देऊनही त्यांच्या तर्काची दुसरी पायरी आम्हांस डळमळीत वाटते. गुलाम आणि स्त्रिया यांच्या इतिहासाशीं नदीची तुलना मनोवेधक आहे, पण खरी नाहीं. गुलामांनीं आणि स्त्रियांनीं आपलें दुःख स्वतः सांगितलें. त्यांचें म्हणणें ऐकण्यास जगाला विलंब लागला इतकेंच. नदी बोलत नाहीं. या आक्षेपावर स्टोन यांचें उत्तर असें कीं, अंगणांतील हिरवळ कोमेजली म्हणजे तिला पाणी हवें हें कोणालाही कळतें. कंपनीचें 'मत' काय हें कळण्यापेक्षां तें कितीतरी सोपें आहे. हें उत्तर चतुर आहे. परंतु हिरवळीला पाणी घालावें कीं नाहीं हा न्यायालयांतील वाद नव्हेच. वाद असतो तो असा कीं, धरणाचें पाणी शेतास द्यावें, शहरास द्यावें, कीं पात्रांत वाहूं द्यावें. आणि पूर रोखणारा बांध हा नदीवरचा अन्याय कीं गांवावरचा उपकार. अशा वेळीं 'नदीला काय हवें' हें सांगणारा शेवटीं माणूसच असतो, आणि तो स्वतःचें मत नदीच्या तोंडीं घालीत नाहीं याची हमी कोणी द्यावी?

कंपनी आणि अज्ञान बालक यांचीं उदाहरणें स्टोन यांस अनुकूल वाटतात. आमच्या मतें तींच त्यांच्या विरुद्ध जातात. बालक मोठें होतें आणि पालकानें मालमत्तेची अफरातफर केली असल्यास त्याला जाब विचारतें. कंपनीच्या संचालकांना भागधारक जाब विचारतात. नदी कधीं सज्ञान होत नाहीं आणि तिला भागधारकही नसतात. ज्या पालकाला त्याच्या पाल्याकडून कधींच जाब विचारला जाणार नाहीं, त्याच्या हातीं पाल्याचें सर्वस्व देणें ही भयंकर गोष्ट आहे. तेव्हां हक्कांच्या या सर्व इमारतीचा पाया पालकाची निवड हाच ठरतो, आणि नेमक्या त्याच बाबतींत निबंध फार आशावादी आहे.

या ठिकाणीं आपल्याकडील कायद्याचा इतिहास अमेरिकेपेक्षां जुना व बोधप्रद आहे. देवाची मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति आहे, तिला मालमत्ता धारण करतां येते, हें तत्त्व मुंबईच्या उच्च न्यायालयानें डाकोरच्या देवस्थानाच्या प्रकरणांत १८८७ सालींच सांगितलें होतें. पुढें १९२५ सालीं कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यांतील एक तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. घरांतील देवाची मूर्ति सेवेकर्‍यानें आपल्या सोयीनें दुसरीकडे हलवावी काय, असा प्रश्न होता. त्या न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, आपण कोठें राहावें याविषयीं देवाची इच्छाही विचारांत घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठीं या तंट्यांत ज्याचा कांहीं स्वार्थ नाहीं अशा त्रयस्थानें देवाच्या वतीनें उभें राहिलें पाहिजे. सेवेकरी देवाचा जवळचा खरा. पण तोच तंट्यांत पक्षकार असतां देवाचा मुखत्यार होऊं शकत नाहीं, हा या निकालाचा गाभा आहे. स्टोन यांच्या निबंधाला हवी असलेली पुरवणी ती हीच, आणि ती त्यांच्यापूर्वीं जवळजवळ अर्धशतक लिहून ठेवलेली होती.

आतां हें तत्त्व आपल्याच न्यायालयानें कसें वापरलें तें पाहण्यासारखें आहे. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयापुढें आलेला मूळ अर्ज अतिक्रमणें हटविण्यासंबंधीं व गंगेच्या व्यवस्थापनाचें मंडळ स्थापण्यासंबंधीं होता. न्यायमूर्ति राजीव शर्मा व आलोक सिंग यांनीं २० मार्च २०१७ रोजीं निकाल देतांना गंगा, यमुना व त्यांच्या उपनद्या यांस सजीव व कायदेशीर व्यक्ति म्हणून जाहीर केलें, आणि मूर्तीविषयींच्या निकालांचा आधार घेतला. दहा दिवसांनीं हिमनद्या, सरोवरें, अरण्यें, झरे आणि हवा यांसही तोच दर्जा मिळाला. पण नद्यांचे पालक कोण? 'नमामि गंगे' योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि राज्याचे महाधिवक्ता! ज्या सरकारच्या परवानगीनें बंधारे होतात, ज्याच्या नगरपालिकांचीं गटारें नदींत उतरतात, त्याच सरकारचे अधिकारी नदीचे आईबाप ठरले. नदीनें सरकारविरुद्ध दावा लावावयाचा झाल्यास मुख्य सचिवांनीं वादीच्या बाजूस बसावें कीं प्रतिवादीच्या? १९२५ चा निकाल ज्या परंपरेंत आहे, तिचाच आधार घेऊन तिच्या मर्माकडे दुर्लक्ष झालें, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

गंमत अशी कीं, पालकांनीं पहिलें काम केलें तें हा मानच नाकारण्याचें. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें व म्हणालें कीं, गंगा पुष्कळ राज्यांतून वाहते, तिची जबाबदारी एकट्या उत्तराखंडच्या अधिकार्‍यांनीं कशी घ्यावी. शिवाय पुरांत कोणाचें नुकसान झालें आणि त्यानें नदीवर दावा लावला तर भरपाई कोणीं द्यावी? ७ जुलै २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मूळ निकालास स्थगिति दिली. पुराच्या भरपाईचा मुद्दा वर्तमानपत्रांतून विनोद म्हणून वाचला गेला. पण तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. हक्क आले कीं दायित्व येतें. खुद्द स्टोन यांनीं हा प्रश्न ओळखला होता व नदीच्या नांवें निधि ठेवावा, त्यांतून तिच्यावरील दाव्यांची रक्कमही भागवावी, असें सुचविलें होतें. उत्तराखंडच्या नद्यांना व्यक्तित्व मिळालें, पण त्यांच्या गांठीला पैसा बांधून दिला गेला नाहीं. निर्धन आणि पराधीन व्यक्तीला हक्क दिले तरी ती ते कशाच्या बळावर बजावणार?

हक्कांचा आशय संदिग्ध राहिला म्हणजे काय होतें याचें उदाहरण अमेरिकेंतच पाहावयास मिळतें. ओहायो राज्यांतील टोलेडो शहरास एरी सरोवराचें पाणी मिळतें. २०१४ च्या ऑगस्टमध्यें सरोवरांत विषारी शेवाळ माजल्यानें सुमारें पांच लाख लोकांना नळाचें पाणी पिणें बंद करावें लागलें. या अनुभवानें पोळलेल्या नागरिकांनीं २०१९ सालीं मतदान घेऊन, सरोवरास अस्तित्वाचा, बहराचा व स्वाभाविक विकासाचा हक्क आहे, असा ठराव संमत केला. एका वर्षांत संघराज्याच्या न्यायालयानें तो रद्द केला. कारण, कोणत्या कृत्यानें हा हक्क मोडतो हें त्यावरून कोणासही कळत नाहीं. शेतकर्‍यानें किती खत घातलें म्हणजे सरोवराच्या 'बहरा'चा भंग होतो? लोकांचा संताप रास्त होता. परंतु संतापाची भाषा आणि कायद्याची भाषा एक नव्हे. काव्यांत व्यंजनेला महत्त्व असतें, कायद्यांत अभिधेला. जें स्पष्ट सांगितलें नाहीं त्याची शिक्षा कोणास देतां येत नाहीं.

याहून मूलगामी असा एक आक्षेप भारतापुरता आहे. स्टोन यांनीं औषध शोधलें तें अमेरिकेच्या एका विशिष्ट रोगावर, म्हणजे न्यायालयाचें दार न उघडण्यावर. आपल्याकडे १९८० नंतर लोकहिताच्या अर्जांमुळें तें दार पुष्कळ उघडलें आहे. गंगेच्या प्रदूषणाविषयीं वकील एम. सी. मेहता यांनीं १९८५ सालीं अर्ज केला, तो दाखल झाला आणि १९८७ सालीं कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांविरुद्ध हुकूमही झाला. १९८६ सालीं गंगा कृति योजना सुरू झाली. १९९६ सालीं बियास नदीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नद्या व अरण्यें हीं सरकारजवळ जनतेची ठेव म्हणून आहेत, सरकार त्यांचें मालक नव्हे. २०१० च्या कायद्यानें हरित न्यायाधिकरण आलें. म्हणजे व्यक्ति ठरण्यापूर्वींच गंगा तीस वर्षें न्यायालयांत होती. तिला वकील मिळाला नाहीं, असें नव्हे. हुकूम मिळाले आणि ते अमलांत आले नाहींत. ज्या घरांत औषधाच्या बाटल्या भरलेल्या आहेत पण रोग्याला कोणी औषध पाजीत नाहीं, तेथें आणखी एका बाटलीनें काय होणार?

मिनरल किंगचा शेवटही याच दृष्टीनें ध्यानांत ठेवावा. तें खोरें वांचलें, परंतु व्यक्ति झाल्यामुळें नव्हे. क्लबनें आपला अर्ज दुरुस्त करून सभासदांचें नुकसान दाखविलें, काम रेंगाळलें, लोकमत फिरलें, आणि १९७८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें तें सेक्वोया राष्ट्रीय उद्यानांत समाविष्ट केलें. जुन्याच मार्गानें जाणार्‍या चिवट माणसांनीं तें वांचविलें.

मग हा सर्व विचार टाकाऊ समजावा काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. न्यूझीलंडमधील व्हांगानुई नदीचा कायदा पाहिला म्हणजे विचाराची दुसरी बाजू दिसते. त्या नदीला आपला पूर्वज मानणार्‍या माओरी लोकांनीं एकोणिसाव्या शतकापासून तिच्यासाठीं भांडण चालविलें होतें. २०१७ चा कायदा हा त्या दीर्घ तंट्याचा तह आहे. त्यांत नदीच्या वतीनें बोलणारे दोघे आहेत, एक सरकारनें नेमलेला व एक त्या लोकांनीं. नदीच्या आरोग्यासाठीं तीन कोटी डॉलरांचा निधि ठेवला आहे. आणि सरकारच्या मालकीचा तळ नदीच्याच नांवें केला आहे. पाण्याची मालकी मात्र दिलेली नाहीं, व वीजनिर्मितीसाठीं नदीच्या वरच्या अंगाचें पाणी वळविण्याचे पूर्वींचे हक्कही काढून घेतलेले नाहींत. यावरून दिसतें कीं, तेथें व्यक्तित्व हें आरंभीं नव्हतें, शेवटीं आलें. आधीं माणसें होतीं, जीं पिढ्यान्‌पिढ्या नदीचीं म्हणून राहिलीं. इक्वेडोरचाही अनुभव असाच दुहेरी आहे. रस्त्याचा राडारोडा विल्काबांबा नदींत टाकल्याच्या प्रकरणांत २०११ सालीं नदीच्या बाजूनें निकाल झाला, पण अंमलबजावणी रखडली. उलट २०२१ सालीं लोस सेद्रोस या अरण्यांतील खाणींचे परवाने तेथील घटना-न्यायालयानें निसर्गाच्या हक्कांचा आधार घेऊन रद्द ठरविले. लेखी हक्क तेच, फळ निराळें.

आपल्याकडे देवराया होत्याच. सह्याद्रींतील गांवोगांवीं देवाच्या नांवानें राखलेलीं हीं वनें म्हणजे निसर्गाला व्यक्ति मानण्याचाच एक जुना प्रकार होय. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत त्यांचा अभ्यास केला. त्यांचा धडा साधा आहे: जोंवर गांव देवाला भितें तोंवर देवराई टिकते, भीति गेली कीं देवाच्या नांवानें कुर्‍हाड थांबत नाहीं. हक्क कोणाच्या नांवें आहे यापेक्षां तो कोण राखतो हें अधिक निर्णायक. आणि आपण तर नदीला 'माई' म्हणून तिच्याच पात्रांत निर्माल्य, गटारें व कारखान्यांचें सांडपाणी सोडणारे लोक आहों. जिला आई म्हणून कांहीं साधलें नाहीं, तिला 'व्यक्ति' म्हटल्यानें साधेल, ही आशा फार भाबडी आहे.

२०१८ सालची एक घटना येथें सांगितलीच पाहिजे. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें एके काळीं अध्यापक असलेले व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव प्रो. जी. डी. अग्रवाल यांनीं संन्यास घेतल्यावर गंगेच्या अविरल प्रवाहासाठीं २२ जून रोजीं उपोषण आरंभिलें. वय शहाऐंशी. ऑक्टोबरमध्यें सरकारनें अधिसूचना काढली कीं, उगमापासून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च या काळांत सरासरी प्रवाहाच्या किमान २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे या महिन्यांत २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी पात्रांत सोडलें पाहिजे. तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. ११ ऑक्टोबर रोजीं, उपोषणाच्या एकशें अकराव्या दिवशीं, त्यांचें देहावसान झालें. टक्के अपुरे होते कीं काय याचा वाद तज्ज्ञांनीं करावा. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या अधिसूचनेंत गंगेला व्यक्ति म्हटलेलें नाहीं; पण तिचा वाटा आंकड्यांत सांगितला आहे, आणि तो मिळाला कीं नाहीं हें कोणासही मोजून पाहतां येतें. उत्तराखंडच्या भव्य निकालांत हीच एक गोष्ट नव्हती.

म्हणून आमचें मत असें. निसर्गाला हक्क देण्याची कल्पना हास्यास्पद नाहीं आणि मंत्राप्रमाणें प्रभावीही नाहीं. ती एक कायदेशीर कल्पितकथा आहे, आणि कंपनीची कल्पितकथा चालते तशी तीही चालूं शकेल. मात्र कंपनीला नियमावली, तिजोरी व हिशेब तपासणारा लागतो तसें नदीलाही लागेल. सरकारहून स्वतंत्र असा पालक, त्याला जाब विचारणारी तिर्‍हाईत सत्ता, नदीच्या नांवाचा निधि, आणि मोजतां येईल असा हक्क, या चार गोष्टी असतील तर व्यक्तित्वाची बिरुदावली द्या अथवा देऊं नका, नदी वांचेल. या नसतील तर निकालपत्रांतील माता व व्यक्ति या शब्दांनीं आपल्या मनाला समाधान मिळेल, आणि तेंच सर्वांत मोठें संकट. कारण समाधान पावलेला मनुष्य नदीकडे पाहावयाचें सोडतो. स्टोन यांचा निबंध आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावा. प्रश्न विचारण्याच्या कामीं तो उत्कृष्ट आहे. उत्तराच्या बाबतींत मात्र कलकत्त्याच्या त्या घरगुती देवाचा खटला त्याच्या शेजारीं ठेवूनच वाचावा.